पेटी एकीकडे, डिस्क दुसरीकडे

निप्पोनबाशी, ओसाका
मंगळवार, १४ जून २०१६, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं

सोनोएमावशी यांना तोमोनारीचा नमस्कार.

तुमचं पार्सल आलं तेव्हा मी एका रेडिओचे स्क्रू आकाराप्रमाणे बशीत लावत होतो. ते तसंच ठेवून पार्सल उघडलं आणि लगेच हे पत्र लिहायला बसलो. आईने फोनवर सांगितलं होतं की टॉवेलच्या कारखान्यात तिला कापड तपासायला शिकवणाऱ्या सोनोएसान काहीतरी पाठवणार आहेत. काय ते तिला सांगता आलं नाही. "गेमच्या पोटातलं काहीतरी," एवढंच म्हणाली.

ती हार्ड डिस्क आहे. तिच्यावरच्या चिठ्ठीवरून दिसतं की ती दुकानात मिळणाऱ्या गेम मशीनची नाही. गेम बनवणाऱ्या मंडळींना एक वेगळं मशीन मिळत असे, त्यातली आहे. अशी डिस्क मी आजवर हाताळलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या दुरुस्तीच्या दुकानाचे मालक कुवाजिमासान म्हणाले, "डिस्क ती डिस्क. घाबरतोस काय?" पण त्यांना सगळंच सोपं वाटतं. मी हायस्कूल अर्धवट सोडून इथे आलो, त्याला पाच वर्षं झाली, आणि मला अजून काहीच सोपं वाटत नाही.

तिला मी अजून वीज दिलेली नाही. जुनी डिस्क कधी कधी एकदाच चालते, आणि तेवढ्यातच सगळं उतरवून घ्यावं लागतं. म्हणून आधी विचारतो. ती कुठे ठेवली होती? कधी पडली किंवा भिजली होती का? मशीन तुमच्या यजमानांच्या मालकीचं होतं, की कुणाला परत करायचं होतं? आणि तिच्यातून तुम्हाला नेमकं काय हवं आहे?

उत्तर पत्रानेच द्यावं. फोनवर मला घाई होते आणि मग नको ते बोलून जातो.

इनुई तोमोनारी


इमाबारी
१८ जून

तोमोनारी,

तुझ्या आईलाही एका दमात चार प्रश्न विचारायची सवय होती. तिचे प्रश्न संपेपर्यंत अर्धा तागा पुढे निघून जायचा.

डिस्क देव्हाऱ्याच्या खणात होती, उदबत्त्यांच्या शेजारी, धुतलेल्या रुमालात गुंडाळून. पडली नाही, भिजली नाही. मशीन यांचंच. कंपनी बंद झाली तेव्हा यांनी पैसे भरून घेतलं, पावती माझ्याकडे आहे.

आता शेवटचं. माझे यजमान हातानो शुन्साकु जानेवारीत गेले. मात्सुयामात त्यांची नऊ जणांची कंपनी होती. तिथे चार वर्षं त्यांनी एकाच गेमचं काम केलं. रोज शेवटच्या गाडीने घरी. मी जेवण झाकून ठेवायची, ते उभ्याउभ्याच खायचे. काय करता एवढं, असं विचारलं की म्हणायचे, "कागदावर सही केली आहे. घरीसुद्धा बोलायचं नाही." २००४ मध्ये कंपनी बुडाली. गेम बाहेर आलाच नाही. पुढे बारा वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. त्या बारा वर्षांत मी दोनदा विचारलं. तेच उत्तर. अहो, कुठली कंपनी आणि कुठली सही!

त्या चार वर्षांत माझा नवरा काय करत होता, ते मला बघायचं आहे. दुसरं काही नको. ऑगस्टच्या मध्यावर त्यांचं पहिलं ओबोन. गेलेलं माणूस तीन दिवस घरी येतं म्हणतात. तिसऱ्यांदा विचारायची माझी इच्छा नाही. ते येतील तेव्हा मला आधीच माहीत असावं.

सोनोए


निप्पोनबाशी
२६ जून

सोनोएमावशी,

शुक्रवारी डिस्क जोडली. बातमी चांगली नाही, म्हणून पत्र दोनदा फाडून पुन्हा लिहिलं.

ती फिरते. आपलं नाव सांगते, किती मोठी आहे तेही सांगते, पण आतलं एक अक्षर द्यायला तयार नाही. आवाजही बरा नाही, कुणी मधूनच घसा खाकरावा तसा येतो. दोनदा सुरू करून पाहिली. तिसऱ्यांदा करायचा धीर होत नाही. प्रत्येक वेळी ती थोडी थोडी खराब होत असणार.

असा नकार मी पडलेल्या डिस्कांचा पाहिला आहे. मावशी, राग मानू नका, पण ती खरंच पडली नव्हती ना? पडली असली तरी हरकत नाही. मी आईलाही सांगणार नाही. कारण कळलं तर पुढे काय करायचं ते ठरवता येईल.

तोमोनारी


इमाबारी
२९ जून

तोमोनारी,

बत्तीस वर्षं मी तपासणीच्या टेबलाशी उभी राहिले. टॉवेल, चादरी, दुकानांच्या पडद्यांचं कापड, सगळं या हातांखालून गेलं. वस्तू कशी धरायची ते मला ठाऊक आहे. आणि पाडली असती तर पाडली म्हणून सांगितलं असतं. "आईला सांगणार नाही" म्हणे! मी काय तुझ्या आईला भिते?

मशीनच्या पेटीतून काढली तेव्हाही मी शेजारी उभी होते. ते गेल्यानंतर एकोणपन्नासाव्या दिवशी, रीतीप्रमाणे, त्यांच्या वस्तू आठवण म्हणून वाटल्या. घड्याळ पुतण्याला, चांगला कोट शेजारच्यांना. मशीन एकच आणि हक्क दोघांचा. एक मी, दुसरे ओरिबेसान. ते यांच्या शेजारच्या खुर्चीत काम करायचे आणि कंपनी बुडायच्या चार महिने आधी सोडून गेले. मला त्यांच्याबद्दल काडीचं प्रेम नाही, पण रीत म्हणून काही असते. पुतण्या म्हणाला, "काकू, असतं ते सगळं डिस्कमध्ये. पेटी म्हणजे नुसतं खोकं." म्हणून त्याच्याकडून उघडवून घेतली. डिस्क मी ठेवली, पेटी ओरिबेसानना दिली. पेटी चांगली जड होती, कुणाला कमी दिलं असं नको व्हायला.

तेव्हा पडण्याबिडण्याचं डोक्यातून काढून टाक आणि पुन्हा बघ.

सोनोए


निप्पोनबाशी
२ जुलै

सोनोएमावशी,

आधी माफी मागतो. डिस्क पडलेली नाही. चूक माझी आहे.

तुमचं पत्र वाचल्यावर मी कुवाजिमासानांच्या ओळखीच्या एका माणसाला विचारलं. त्याने अशी मशीनं पाहिली आहेत. या मशीनमध्ये डिस्कला कुलूप असतं आणि किल्ली पेटीत असते. वेगळी अशी किल्ली नव्हे. पेटीतल्या सर्किटच्या पाटीवर एक लांबलचक शब्द साठवलेला असतो. मशीन सुरू झालं की तो शब्द डिस्कला सांगतं आणि डिस्क उघडते. दुसऱ्या कुणाला ती उघडत नाही. प्रत्येक पेटीचा शब्द वेगळा, म्हणून दुसरी पेटी आणूनही उपयोग नाही.

तुमच्या पुतण्याचं म्हणणं बहुतेक मशीनांना लागू पडतं. याला पडत नाही.

म्हणजे डिस्क बिघडली म्हणून नकार देत नाही, परक्याच्या घरी आहे म्हणून देते. आवाजाची काळजी मात्र खरी आहे. ओरिबेसानांकडून ती पेटी थोडे दिवस मागवून घ्याल का? त्यांनी टाकून दिली नसेल ना?

तोमोनारी


इमाबारी
९ जुलै

तोमोनारी,

मागवून घेऊ? आठवण म्हणून दिलेली वस्तू, चार महिने झाले नाहीत तोवर परत मागू? कारखान्यातल्या सगळ्या जणींना कळलं तर मला रस्त्यात तोंड लपवावं लागेल.

आणि मागायची कुणाकडे? बारा वर्षांत त्या माणसाकडून नववर्षाचं कार्ड नाही. त्या दिवशी पेटी हातात दिली, त्यांनी वाकून घेतली, झाकण जरा उचलून आत पाहिलं, आणि चहाला न थांबता निघून गेले. मी केलेली खीर तशीच राहिली.

दुसरी काहीतरी वाट काढ.

सोनोए


निप्पोनबाशी
१२ जुलै

सोनोएमावशी,

दुसरी वाट मला माहीत नाही. माहीत आहे असं सांगून डिस्क उघडायला गेलो आणि ती बंद पडली, तर मला झोप लागणार नाही.

पण एक सुचलं. तुम्ही काही परत मागू नका. उलट द्या. ओरिबेसानना लिहा की त्या दिवशी मशीन अर्धंच दिलं गेलं, उरलेला भाग द्यायचा राहिला. तो ओसाकात दुरुस्तीच्या दुकानात आहे. तो नाजूक आहे, टपालाने पाठवता येत नाही, आणि पेटीत बसवूनच न्यावा लागेल.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी तीनदा वाचून पाहिलं.

तोमोनारी


इमाबारी
२१ जुलै

तोमोनारी,

तू दिसतोस तेवढा साधा नाहीस.

लिहिलं, जसंच्या तसं. त्यांचं पोस्टकार्ड आलं. "शनिवार, तीस तारखेला येतो." एवढंच! बाकी अख्खं कार्ड कोरं.

आले की चहा दे, आणि काही गोड दे. यांच्या बोलण्यातून एवढंच कळायचं, की ओरिबे गोड खातो. सोबत रजिस्टर पाकिटातून वीस हजार येन पाठवते आहे. कमी पडले तर सांग, लाजू नको.

सोनोए


निप्पोनबाशी
३१ जुलै

सोनोएमावशी,

उतरली. सगळी उतरली. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

ओरिबेसान काल ओनोमिचीहून आले. पेटी कापडात बांधून मांडीवर धरून आणली होती. दारातच म्हणाले, "गाडीत सगळे सांगत होते, वर फळीवर ठेवा. मी नाही ठेवली." मग बसले, चहा घेतला, आणि मला विचारलं, "सोनोएसानना खरंच माहीत नव्हतं?"

"काय?"

"त्या दिवशी झाकण उचललं तर आत डिस्क नाही. मला वाटलं, त्या म्हणतायत, तू सोडून गेलास ना, मग घे तुझं रिकामं खोकं. बाईंनी बोलून नाही दाखवलं, देऊन दाखवलं. म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. मार्चपासून पेटी शेडमध्ये पडून आहे."

कुवाजिमासान म्हणाले, "एवढं डोकं गेममध्ये चालवलं असतंत तर कंपनी बुडाली नसती!" मला वाटलं आता भांडण होणार. पण ओरिबेसान हसले, आणि दुसरा लाडू उचलला.

कामाची रीत अशी. डिस्क पेटीत जोडायची, मशीन सुरू करायचं, त्याने डिस्क उघडू द्यायची. मग डिस्कची वीज चालू ठेवून फक्त चपटी वायर पेटीतून उपटायची आणि आमच्या कॉम्प्युटरला लावायची. डिस्क उघडीच राहते, कारण तिला कुणी झोपवलेलं नसतं. वीज क्षणभर जरी गेली तरी कुलूप पुन्हा लागतं. आणि त्या आवाजावरून मला वाटत होतं की आणखी एकदा सुरू व्हायची तिच्यात ताकद नाही.

"वय काय तुझं?" ओरिबेसाननी विचारलं.

"बावीस."

"हे मशीन आम्ही खोक्यातून काढलं तेव्हा तू सात वर्षांचा होतास."

"मग तुम्हीच उपटा वायर," कुवाजिमासान म्हणाले.

"माझ्याने नाही होणार."

"तोही रोज असंच म्हणतो. त्याला सवय आहे. ए पोरा, आधी घाम पूस. डिस्कवर पडला तर बिलात लावता येणार नाही."

वायर वाकडी निघाली. एक टोक आधी सुटलं आणि दुसरं अडकलं. ते नखाने सोडवलं. मग दुसरीकडे लागली, आणि कॉम्प्युटरवर आकडे पुढे सरकायला लागले. दुपारभर सरकत होते. शेवटी शेवटी डिस्क तीनदा अडखळली, पण दिलं तिने सगळं. प्रत मूळ डिस्कशी ताडून पाहिली, एका अक्षराचाही फरक नाही. त्यानंतर डिस्क बंद केली ती पुन्हा सुरू झाली नाही.

प्रत त्याच पेटीत बसवून ओरिबेसानांकडे दिली आहे. ओबोनला ते स्वतः घेऊन येतील, टीव्हीला जोडून देतील. प्रत चालते का ते बघावं लागतं, म्हणून मी आत थोडं पाहिलं. त्या वेळी ओरिबेसान रस्त्याकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, "आधी त्यांनी बघू दे." म्हणून मीही काय आहे ते लिहीत नाही.

एकच सांगतो. फार अपेक्षा ठेवू नका. खेळण्यासारखं मला त्यात काही सापडलं नाही.

तोमोनारी


इमाबारी
१७ ऑगस्ट

तोमोनारी,

चौदा तारखेला ओरिबेसान बसने आले. देव्हाऱ्यापुढे बराच वेळ बसले, मग उठून पेटी टीव्हीला जोडली. मशीनने असा काही घरघराट केला की मांजर पळालं.

दुकानांची एक गल्ली दिसली. एक माणूस चालत होता. ओरिबेसान हातातल्या बटणांनी त्याला चालवत होते. तो एका दुकानात शिरला, बाहेर आला. दुसऱ्यात शिरला, बाहेर आला.

"हा कोण?" मी विचारलं.

"कुणी नाही. चालणारा."

"दुकानात काय मिळतं?"

"अजून काही नाही. आत गेलं की बाहेर यायचं."

"मारामारी वगैरे?"

"ती नंतर घालायची होती."

"मग चार वर्षं केलं काय?"

त्यांनी त्या माणसाला एका दारात मागेपुढे केलं. तेव्हा मला दिसलं. प्रत्येक दुकानाच्या दारावर पडदा होता, आपल्याकडे असतो तसा, मध्ये चिरलेला. माणूस वाकला की पडदा डोक्यावरून घसरायचा, खांद्यावर अडायचा, पाठीवरून सुटायचा. कुठे निळा, कुठे तपकिरी, कुठे धुऊन धुऊन विटलेला. असे साठ-सत्तर पडदे, आणि दोन पडदे सारखे पडत नाहीत.

"हातानोसानना हेच जमवायचं होतं," ओरिबेसान म्हणाले. "गल्ली झाली, माणूस झाला, पण ते काही पडदे सोडून पुढे जाईनात. रोज विचारायचे, 'बरोबर पडतोय का?' आम्ही म्हणायचो, पडतोय, चला पुढे. ते म्हणायचे, नाही, काहीतरी चुकतंय. त्यावरूनच मी सोडलं. पडद्यासाठी माणूस कंपनी बुडवतो का!"

मी म्हटलं, "परत एकदा करा. तो विटलेला." त्यांनी केलं. आणखी एकदा करायला लावलं.

"चुकतंय," मी म्हटलं.

"काय?"

"खालचा काठ. पडद्याला खाली दुहेरी दुमड असते. तिथे वजन जास्त. माणूस गेला की वरचं कापड आधी थांबतं, काठ मागून येतो आणि एकदा थपकन बसतो. तुमचा काठ कागदासारखा फडफडतोय."

त्यांना पटेना. मग मी त्यांना उठवलं आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या पडद्यातून जायला लावलं. जा, या, पुन्हा जा. मी टेबलाशी उभी राहून बघत होते, तेही मान वळवून बघत होते. साठीचा माणूस, हातात टोपी, माझ्या स्वयंपाकघरात ये-जा करतोय. दहाव्या फेरीला मध्येच थांबले. पडदा डोक्यावर तसाच.

"थपकन," म्हणाले.

"हं."

"चार वर्षं आम्ही हेच शोधत होतो."

तोमोनारी, त्या वेळी माझा पारा चढला. मेलेल्या माणसावर कुणी चिडू नये, तेही ओबोनमध्ये. पण मी चिडले. बत्तीस वर्षं कापड बघणारी बाई घरात. तिच्या हातचं उभ्याउभ्या जेवायचं, तोंड पुसायचं आणि झोपायचं. एकदा विचारलं असतं, काय ग, पडद्याचा काठ कसा पडतो? एका वाक्यात सांगितलं असतं. जेवण गार व्हायच्या आत.

ओरिबेसानना म्हटलं, "सही केली होती म्हणे. घरीसुद्धा बोलायचं नाही."

त्यांनी टोपी खाली ठेवली. मग म्हणाले, "सही आम्ही नऊही जणांनी केली होती. मी पहिल्याच आठवड्यात बायकोला सगळं सांगितलं. बाकीच्यांनीही सांगितलं असणार. पाळली ती एकट्या हातानोसाननी."

मी हसले. खूप हसले. मग चहाचं पाणी ठेवायचं निमित्त करून आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. ओरिबेसाननी तोवर सगळी खीर संपवली होती.

त्यांचं म्हणणं असं, की यांनी लिहिलेलं मूळ कामही डिस्कमध्ये आहे, आणि काठाचं वजन बदलता येईल. मी म्हटलं, बदला. कारखान्यातून चुकलेला माल मी कधी बाहेर जाऊ दिला नाही. पण रात्रभर मनात येत राहिलं, तू एवढ्या कष्टाने अक्षर न अक्षर सांभाळून उतरवलंस आणि आम्ही त्यात हात घालणार. तुला राग येईल का? खरं लिही.

आणि बाकी किती, तेही लिही.

सोनोए


निप्पोनबाशी
रविवार, २१ ऑगस्ट २०१६

सोनोएमावशी,

मला राग आलेला नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'बदलू नका' एवढंच लिहिलं आणि ते फाडलं, हे खरं. म्हणून उत्तराला दोन दिवस लागले.

प्रत करणाऱ्याने चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवायची असते. ती चूक आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ते पडदे मीही पाहिले होते आणि "खेळण्यासारखं काही नाही" असं तुम्हाला लिहून मोकळा झालो. प्रत करणं माझं काम. तपासणी तुमचं. हातानोसाननी जे काम अडवून धरलं होतं ते तपासणीसाठीच, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं.

तरी एक विनंती आहे. पेटीतल्या प्रतीला हात लावू नका. ती त्यांनी सोडली तशीच राहू दे. दुरुस्तीसाठी मी आमच्या कॉम्प्युटरवर राहिलेल्या प्रतीवरून दुसरी डिस्क तयार केली आहे. तीत ओरिबेसान वाटेल ते बदलोत. बिघडली तर मी पुन्हा करून देईन. काठ नीट पडायला लागला की मला कळवा, मला बघायला यायचं आहे. आई म्हणते तीही येईल. तुमच्यासमोर कापड हातात धरायची मात्र तिची अजून हिंमत नाही.

हिशेब असा:

प्रत करण्याची मजुरी: १५,००० येन
पेटीतली नवी डिस्क: ६,२०० येन
चपटी वायर (उपटताना वाकली): ६४० येन
बंद पडलेली मूळ डिस्क विमा करून परत पाठवली, त्याचं टपाल: १,१८० येन
एकूण: २३,०२० येन
तुमच्याकडून मिळाले: २०,००० येन
बाकी येणे: ३,०२० येन
दुरुस्तीची डिस्क: ६,२०० येन. हे पैसे ओरिबेसान म्हणतात, 'मी देणार', तुम्ही म्हणाल, 'मी देणार'. तुमचं दोघांचं ठरेपर्यंत कुणाच्या नावावर लिहिलेले नाहीत.